घोडीचा दाणा आणि शेकडा तीन

लेखमाला : घरचा हिशेब – भाग ११

"भाऊ, घोळी घ्याची हाय. पन घरावर देनं हाय. आधी देनं फेडू, का घोळीसाठी जमा करू?"

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीहून हा फोन आला. मागच्या आठवड्यातला सोनेतारणाचा भाग वाचून त्या तरुण शेतकऱ्याने नंबर शोधून काढला होता. सोयाबीनचा चुकारा नुकताच हातात आला होता आणि दत्तजयंती महिन्यावर होती. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. उलट तिथे कोणत्या बाजूला काठियावाडी बांधतात आणि कोणत्या बाजूला मारवाडी, हे त्यानेच मला सांगितलं.

घरावर देणं असताना घोडी कशाला, असं विचारायचं मी टाळलं. या भागात वाढलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची तिथे समाधी आहे, आणि महाराजांचा तिथला पुतळाही घोड्यावरच आहे. तांड्यांवरच्या भजनांत त्यांचा तोळाराम घोडा येतो. तांडा असो की गाव, दारात घोडी उभी असणं ही वऱ्हाडात आजही घराची शान आहे, आणि लग्नसराईत तिच्यावर चार पैसे मिळतात हा हिशेबही त्यामागे आहेच. ही हौस खोटी नाही. म्हणून हा भाग मी त्याच्या प्रश्नासाठीच ठेवला आहे. त्याचा खरा आकडा इथे देत नाही. खालचे आकडे 'समजा' म्हणून धरलेले आहेत. वाचकांनी त्या जागी स्वतःचे घालावेत.

समजा, घरावर चार देणी आहेत. गावातल्याच एकाकडून घेतलेले ६०,००० रुपये, शेकडा तीनने. मायक्रोफायनान्सच्या गटाचे ४०,०००, वर्षाला २४ टक्क्यांनी, महिन्याला २,२६५ रुपयांचे आणखी २२ हप्ते. बँकेचं पीककर्ज १,२०,०००. आणि किराणा दुकानातली ९,००० ची उधारी. सोयाबीन विकून, घरखर्च आणि रब्बीचं बी-खत बाजूला काढून ६०,००० हातात उरले आहेत. दूध आणि मजुरीतून महिन्याला घरखर्च भागून ५,००० सुटतात. तूर आणि हरभरा यायचा आहे.

यातलं कोणतं देणं सर्वात जड, असं विचारलं तर दहातले आठ जण पीककर्जाकडे बोट दाखवतात, कारण रक्कम मोठी. उरलेले गटाच्या कर्जाकडे दाखवतात, कारण वसुलीवाला दारात येतो. शेकडा तीनवाल्याचं नाव शेवटी येतं. तो ओळखीचा असतो, रस्त्यात भेटला की घरची विचारपूस करतो, मुद्दल कधीच मागत नाही. व्याज वेळेवर दिलं की त्याची तक्रार नसते. मुद्दल न मागणं हाच त्याचा धंदा आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये, वर्षाला छत्तीस. साठ हजारांवर महिन्याचे १,८०० आणि वर्षाचे २१,६००. तीन वर्षं व्याज भरलं की ६४,८०० दिले जातात आणि साठ हजारांचं मुद्दल जसंच्या तसं उभं राहतं. हेच १,८०० रुपये घोडीच्या भाषेत मांडू. २०२५-२६ च्या रब्बी पणन हंगामासाठी हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला ५,६५० रुपये होता. त्या भावाने १,८०० रुपयांत जवळपास ३२ किलो हरभरा येतो. घोडीला रोज दोन किलो दाणा धरला तर हा तिचा सोळा दिवसांचा दाणा झाला. म्हणजे घोडी दारात यायच्या आधीच तिचा अर्ध्या महिन्याचा तोबरा दुसऱ्याच्या घरी भरला जातो आहे. फोनवर हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

या व्याजाला कायद्याचा आधारही नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. त्याखाली शासनाने ठरवलेले दर असे आहेत : शेतकऱ्याला तारण घेऊन दिलेल्या कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण कर्जावर १२ टक्के. शेकडा एकच्या वर परवानाधारक सावकारालाही जाता येत नाही. व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियमही या कायद्यात आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात जमीन लिहून घेतली गेली असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते, आणि चौकशीत सिद्ध झाल्यास जमीन परत मिळते. तालुक्याला सहायक निबंधकाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज द्यायचा. मला माहीत आहे की गावात राहून हा अर्ज करणं सोपं नाही. पण निदान एवढं तरी करा : मुद्दलापोटी रक्कम देताना 'मुद्दलापोटी' असं लिहिलेली पावती घ्या, किंवा बँकेतून पाठवून शेऱ्यात तसं लिहा. आजवर किती व्याज दिलं याची वही आज रात्री लिहायला घ्या. बोलणी करायची वेळ आली तर ती वही उपयोगी पडते.

आपल्या भागाला हे दुखणं नवं नाही. १९३३ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला. सावकार आणि शेतकरी यांना समोरासमोर बसवून देण्याचा आकडा ठरवायचा, यासाठी मंडळं नेमली गेली. त्याच्याही आधीची एक गोष्ट मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याची आहे. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा, वडील गेल्यावर तिथे मामाच्या घरी वाढले. मामाची शेती सावकाराच्या कागदात अडकली आणि त्या धक्क्यात मामा गेला. तरुण डेबूजीने त्या सावकाराला शेतात उभं राहून अडवलं. पुढे मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न देता त्यांनी गोड जेवण घातलं. ऋण काढून सण करू नका, हे त्यांनी कीर्तनातून आयुष्यभर सांगितलं, ते असं घरचं शेत जाताना पाहून. त्यांचं सुरुवातीचं मोठं काम उभं राहिलं ते अमरावती जिल्ह्यात पूर्णेकाठच्या ऋणमोचनला. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते आणि ऋणातून सुटावं म्हणून लोक नदीत डुबकी मारतात. बाबांनी तिथे चिखलात घसरणाऱ्या लोकांसाठी घाट बांधायला घेतला. मला त्यांच्या कामातली ही गोष्ट फार जवळची वाटते. देणं नदी फेडत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण नदीवर येणाऱ्या माणसाचा त्यांनी राग केला नाही.

आता घोडीकडे येऊ.

घोडी घ्यायची म्हटलं की सगळे किंमत विचारतात. सारंगखेड्याला राजस्थान, गुजरात, पंजाबपासून व्यापारी येतात आणि तिथे काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत जनावर उभं असतं. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोडे मिळतात, आणि आपल्याला ती यात्रा अंतराने जवळची. किंमत एकदाच द्यायची असते. घर बसतं ते घोडीच्या महिन्याने.

रोजचा दोन किलो हरभरा वर्षाला ७३० किलो होतो. ५,६५० च्या भावाने ४१,२४५ रुपये. कडबा-गवत रोज सहा किलो धरलं तर वर्षाला जवळपास २२ क्विंटल. किलोला आठ रुपये धरा, म्हणजे साडेसतरा हजार. नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलावी लागते. नालबंदाचे वर्षाला सात फेरे, फेऱ्याला सहाशे धरले तर ४,२००. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, एखाद-दुसऱ्या वेळी डॉक्टर, यांचे तीन हजार. सगळं मिळून ६६,००० च्या आसपास, म्हणजे महिन्याला ५,५००. यात खोगीर नाही, साज नाही, टेम्पोचं भाडं नाही.

कडब्याचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे आपल्या भागाची परिस्थिती बदलली आहे. आजोबांच्या काळी प्रत्येक वावरात ज्वारी असायची आणि कडब्याची गंजी घराशेजारी उभी राहायची. घोडी पाळायला वेगळा पैसा लागतो हे तेव्हा कुणाला जाणवत नसे. सोयाबीन आलं आणि ज्वारी हटत गेली. सोयाबीनचं कुटार बैल-म्हशी खातात म्हणून घोडीलाही चालेल असं धरू नका. घोड्याचं पोट रवंथ करणाऱ्या जनावरासारखं नसतं. त्याला उलटी होत नाही, म्हणून पोटात गेलेली वाईट वैरण किंवा एकदम जास्त झालेला दाणा बाहेर पडायला वाट नसते. पोटशूळ उठला तर काही तासांत जनावर जातं. काटकसर म्हणून वैरणीत हात आखडणारा माणूस घोडीच गमावून बसतो.

आमच्या घरात हे घडलं आहे. आजोबांनी कापसाच्या एका चांगल्या वर्षात उसने पैसे काढून घोडी आणली होती. आजी तिच्याबद्दल बोलायला लागली की तिचा आवाज बदलायचा. घोडी पांढऱ्या पायाची होती आणि आजोबांची चाहूल लागली की खिंकाळायची, असं ती सांगायची. पुढच्या वर्षी पाऊस लांबला. मृग कोरडा गेला, दुबार पेरणीचं बी आणायचं होतं, आणि घोडी अर्ध्या किमतीत विकली गेली. आषाढात जनावर विकायला निघालेल्या माणसाला चांगला भाव मिळत नाही, कारण घेणाऱ्यालाही त्याची गरज दिसते. उसने घेतलेले पैसे मात्र पुढे दोन वर्षं फेडावे लागले. आजोबांनी त्यानंतर घोडीचं नाव काढलं नाही. घोडी घेण्यात त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. घोडीची किंमत त्यांनी जमवली आणि तिचा महिना जमवला नाही, एवढंच झालं.

म्हणून फोनवरच्या त्या तरुणाला मी हिशेब करून दाखवला. समजा, हातातल्या साठ हजारांची घोडी याच दत्तजयंतीला आणली. डिसेंबरपासून महिन्याला व्याज १,८००, हप्ता २,२६५ आणि घोडी ५,५००, असे ९,५६५ रुपये बाहेर जाणार. सुटतात ५,०००. महिन्याला ४,५६५ ची तूट. डिसेंबर ते जून सात महिन्यांत ही तूट बत्तीस हजारांच्या आसपास जाते, आणि ती उभी राहते नेमकी पेरणीच्या तोंडावर. मग एक तर शेकडा तीनवाल्याकडे पुन्हा जायचं, नाही तर घोडी विकायची.

लग्नसराईतल्या कमाईने हे भागेल, असं त्याचं म्हणणं होतं. तेही मोजून पाहिलं. तुळशीचं लग्न लागल्यावर मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतात. घोडी मात्र बारा महिने खाते. एका वरातीचे तीन हजार धरले तर तिचा वर्षाचा खर्च निघायला बावीस वराती लागतात, आणि त्याही साज, भाडं आणि सोबतच्या माणसाची मजुरी न धरता. गावातून आणि आसपासच्या चार खेड्यांतून पहिल्या वर्षी तेवढ्या मिळतील का? शिवाय वरातीत बँड, फटाके आणि गर्दी यांत शांत राहणारी घोडी तयार व्हायला वेळ लागतो. वरातीचे पैसे आले तर आनंदच आहे. पण देणं फेडण्याच्या हिशेबात ते धरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२० च्या टाळेबंदीत औरंगाबादच्या एका नोकरदाराने चाळीस हजारांत घोडा घेऊन त्यावरून कामावर जायला सुरुवात केली होती. त्याच्या बातम्या बऱ्याच झाल्या, अनेकांना आठवत असतील. त्या माणसाला दर महिन्याला पगार होता, हा फरक मोठा आहे. नोकरदाराचा पैसा दर महिन्याला नेमाने येतो. शेतकऱ्याचा वर्षातून दोन-तीनदाच येतो, आणि घोडी तर दोन्हीकडे रोज खाते.

आता फेडण्याचा क्रम.

नोव्हेंबरचे साठ हजार सरळ शेकडा तीनवाल्याला द्यायचे, पुऱ्या मुद्दलासकट देणं मिटवायचं आणि कागद परत घ्यायचा. यात मन घट्ट करावं लागतं, कारण हातात आलेली मोठी रक्कम एका दिवसात जाते आणि बदल्यात डोळ्यांना काही दिसत नाही. पण डिसेंबरपासून महिन्याचे १,८०० मोकळे होतात.

मग गटाचं कर्ज. पाच हजारांपैकी साडेचार हजार दर महिन्याला इथे भरायचे. हप्ता २,२६५ चाच असला तरी जास्तीची रक्कम मुद्दलात वळवून घ्यायची, आणि तसं लेखी मागायचं. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे मायक्रोफायनान्सचे नियम इथे माहीत हवेत. मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जातील असं नवं कर्ज देता येत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर दारात येता येत नाही. हे कर्ज बहुतेक घरांत बाईच्या नावावर असतं आणि वसुलीच्या दिवशी तोंड तिलाच द्यावं लागतं. त्यामुळे घोडीच्या हौसेचा विचार करताना पहिला शब्द तिचा असावा. साडेचार हजारांनी हे कर्ज दहा महिन्यांत, सप्टेंबरात संपतं. बावीस महिने रखडलं असतं तर जवळपास ९,८०० व्याज गेलं असतं. आता साडेचार हजारांच्या आसपास जाईल. पुढच्या दोन महिन्यांत किराण्याचे नऊ हजार मिटतात.

पीककर्जाचं गणित निराळं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. खरिपाच्या कर्जासाठी ३१ मार्च ही तारीख. ती चुकली की सवलत गेली. सात टक्क्यांनी १,२०,००० चे ८,४०० झाले, शिवाय पुढच्या हंगामाचं कर्ज अडलं. हे अडणं त्या ८,४०० पेक्षा महाग पडतं, कारण मग पेरणीसाठी पुन्हा शेकडा तीन. म्हणून तूर आणि हरभऱ्याचा पैसा ३१ मार्चसाठी राखीव. आपल्याकडे याला 'नवं-जुनं करणं' म्हणतात, जुनं भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. त्या दोन दिवसांसाठी बाहेरून पैसे उचलून जबर व्याज देणारी घरं मी पाहिली आहेत. तूर विकायला तेवढ्यासाठी मार्चअखेरची वाट पाहू नये.

कर्जमाफीची वाट पाहावी का, असं त्यानेही विचारलं. २०१७ साली दीड लाखापर्यंत माफी झाली, २०१९ ला दोन लाखांपर्यंत झाली, आणि त्या वेळी नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन ठरलं. माफी मागणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि भाव पडलेल्या वर्षात ती मिळायलाच हवी, असं मी मानतो. पण घराचा हिशेब तिच्या भरवशावर बसवता येत नाही, आणि विनापरवाना सावकाराचं देणं तर अशा कुठल्याच माफीत बसत नाही.

मग घोडीचं काय? तर तिचा डबा पहिल्याच महिन्यापासून सुरू करायचा. पाच हजारांतले साडेचार गटाला गेले की पाचशे घोडीला. कागदावर हा वेडेपणा दिसेल. २४ टक्क्यांचं कर्ज अंगावर असताना चार-सहा टक्क्यांनी पैसे ठेवणं हा तोटाच आहे, हे मीच मागच्या भागांत लिहिलं. तरी इथे मी तो तोटा घ्यायला सांगतो, कारण वर्षाला तो हजाराच्याही आत राहतो. ज्या घरात दोन-दोन वर्षं फक्त फेडणंच चालतं आणि हौसेला नाव घ्यायचीही जागा उरत नाही, ते घर कुठल्या तरी लग्नात, कुठल्या तरी सणात एकदम सुटतं आणि पन्नास हजार काढून मोकळं होतं. पाचशे रुपयांनी ती वाट बंद होते. शेकडा तीन अंगावर असेपर्यंत मात्र डबाही नको. ते मिटलं की दुसऱ्याच महिन्यात सुरू.

हे पैसे घरातल्या डब्यात ठेवू नका. बँकेत आवर्ती ठेव काढा. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली आहे, पण ती पाच वर्षांची, आपल्या कामाला लांब पडते. जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत टाकणार असाल तर हे लक्षात असू द्या की बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

पुढच्या नोव्हेंबरला डब्यात सहा हजार जमलेले असतील आणि देण्यात फक्त दरवर्षी नवं-जुनं होणारं पीककर्ज उरलेलं असेल. पाऊस बरा झाला आणि पुन्हा साठ हजार सुटले, तर त्यातले वीस हजार दवाखान्यासाठी म्हणून बाजूला, हात न लावण्याच्या बोलीवर. चाळीस हजार घोडीला. आणि डिसेंबरपासून महिन्याचे पाचही हजार घोडीच्या खात्यात, जणू ती दारात आलीच आहे आणि तिचा दाणा-वैरण भरायचीच आहे. हे बारा महिने मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. लग्न-दुखणी-शाळेची फी सांभाळून घर महिन्याला पाच हजार सलग काढू शकतं का, हे घोडी यायच्या आधी कळतं. नाही जमलं तर एकाही जनावराचे हाल न होता कळतं. वर्षाअखेर ४६,००० आणि ६०,००० मिळून १,०६,००० होतात, वर थोडं व्याज.

खर्च साडेपाच हजार आणि सुटतात पाच, हे पाचशेचं अंतर उरतंच. ते भरून काढायला वावराच्या एका तुकड्यात ज्वारी पेरा, विहिरीला पाणी असेल तर बांधाजवळ लसूणघास लावा. कडबा घरचा झाला की साडेसतरा हजारांतले बरेचसे वाचतात. पण ती ज्वारी घोडी येण्याच्या आधीच्या हंगामात पेरलेली हवी.

म्हणजे येत्या दत्तजयंतीला नाही, तिच्या पुढच्याही नाही, तिसऱ्या दत्तजयंतीला. एखादं वर्ष पावसाने दगा दिला तर चौथ्या. त्याला हे सांगताना मला जड गेलं. "तिसऱ्या का?" एवढंच तो म्हणाला, आणि मग त्याने डब्याचं कसं करायचं ते पुन्हा एकदा विचारून लिहून घेतलं.

मधल्या दोन बाजारांना त्याने रिकाम्या हाताने जावं, असं मी सुचवलं. खिशात पैसे नसले की बाजार नीट दिसतो. घोड्याचे दात पाहायला शिकावं, पाचव्या वर्षापर्यंत पुढचे सगळे दुधाचे दात जाऊन पक्के येतात. खूर, सांधे, डोळे पाहावेत, जनावर चालवून आणि मागे सरकवून पाहावं. तीन वर्षांखालच्या शिंगरावर बसायच्या बेताने पैसे देऊ नयेत. रुमालाखाली बोटांनी सौदा कसा होतो ते एखाद्या जाणत्याच्या शेजारी उभं राहून समजून घ्यावं. भोवऱ्यांचीही माहिती करून घ्यावी. मानेवर देवमण असला की भाव चढतो आणि अशुभ ठिकाणी भोवरा असला की चांगल्या निकोप घोडीचा भाव पडतो. मी भोवरे मानत नाही. बेताच्या पैशात घोडी घेणाऱ्या घराने अशी निकोप घोडी जरूर पाहावी. घरच्या म्हाताऱ्यांची समजूत आधी घालावी लागेल, त्यालाही दोन वर्षं हाताशी आहेत.

घेताना ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागायचाच. हा घोड्याचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, आणि कायद्याने तो जाहीर करावा लागतो. तपासणीत रोग निघाला तर जनावर मारावं लागतं. दाखला नसलेली घोडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. बाजाराची पावती जपून ठेवावी आणि गावी आल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुविम्याची चौकशी करावी. राष्ट्रीय पशुधन अभियानात घोड्यांचाही विमा उतरवता येतो, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने शेतकऱ्याचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आणला. याच अभियानात घोड्यांसाठी पन्नास टक्के अनुदान आहे, असं सांगत एखादा मध्यस्थ दारात येईल. ते अनुदान पैदाशीचा उद्योग उभारणाऱ्यांसाठी आहे, दारातल्या एका घोडीसाठी नाही. त्याच्या हातात अर्जाचे पैसे देऊ नका.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. साठ हजार देऊन झाले होते आणि कागद परत मिळाला होता. बायकोने तो कागद फाडू दिला नाही, ट्रंकेत ठेवला, असं तो म्हणाला. आवर्ती ठेवीच्या अर्जावर 'कशासाठी' असा रकाना नव्हता, म्हणून पासबुकाच्या मागच्या पानावर मुलीने पेन्सिलने घोडी काढली आहे.

(पुढच्या आठवड्यात : बचत गटाचं दोन टक्क्यांचं अंतर्गत कर्ज, आणि ते कधी घ्यावं)